गावाचे पर्यटनस्थळ होताना : भिलारचा दाखला व काही हिशेब

सातारा जिल्ह्यात पाचगणी व महाबळेश्वर या दोन थंड हवेच्या ठिकाणांच्या दरम्यान भिलार नावाचे गाव आहे. पाचगणीपासून ते सुमारे आठ किलोमीटरांवर येते. दिनांक ४ मे २०१७ रोजी हे गाव 'पुस्तकांचे गाव' म्हणून जाहीर करण्यात आले. राज्य मराठी विकास संस्थेने गावातील घरे, शाळा, देवळे व निवासस्थाने मिळून पंचवीस ठिकाणी सुमारे पंधरा हजार मराठी पुस्तके मांडली. एका घरी कथा-कादंबऱ्या, दुसऱ्या घरी कविता, तिसरीकडे बालवाङ्मय, आणखी कोठे संतसाहित्य वा इतिहास, अशी विषयवार वाटणी करण्यात आली. घरांच्या भिंती चित्रकारांनी रंगविल्या. आलेल्या माणसाने हवे त्या घरी जावे, कपाटातून पुस्तक काढावे, ओसरीवर बसून ते वाचावे व परत जागेवर ठेवावे, अशी ही योजना आहे. वाचनासाठी मोबदला घेतला जात नाही आणि पुस्तके विक्रीसाठीही नाहीत. पुढे ही योजना अन्य जिल्ह्यांतही नेण्याचे शासनाने ठरविले.

भिलारची ख्याती झाल्यापासून अनेक ग्रामपंचायतींना आपलेही गाव पर्यटनस्थळ व्हावे, असे वाटू लागले आहे. ही इच्छा गैर नाही. तथापि, भिलारात नेमके काय घडले व काय घडले नाही, हे न समजता नुसते अनुकरण केल्यास पैसा व श्रम वाया जाण्याचा संभव आहे. सबब गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी या विषयाची अंगे पुरतेपणी समजावून घेणे इष्ट होय.

मार्ग आणि मुक्काम

महाबळेश्वर व पाचगणी ही दोन्ही ठिकाणे इंग्रजी अमदानीत, एकोणिसाव्या शतकात वसविली गेली. तेव्हापासून त्या डोंगरमाथ्यावर प्रवासी येत आहेत. याचा अर्थ असा की, भिलारला प्रवासी आणावे लागले नाहीत. ते आधीच आसपास वावरत होते. प्रश्न होता तो त्यांनी गावात थांबण्याचा. वाहन वेशीवरून निघून गेले तर गावाच्या पदरी धूळ तेवढी पडते. तेच वाहन एक तास थांबले तर चहा व फळे खपतात. दुपारभर थांबले तर जेवण होते आणि रात्र राहिले तर खोलीचे भाडे मिळते. गावाचे उत्पन्न येणाऱ्या माणसांच्या संख्येपेक्षा त्यांच्या थांबण्याच्या कालावधीवर अधिक अवलंबून असते. पुस्तक ही वस्तू मुळातच माणसाला बसविणारी आहे. भिलारच्या योजनेतील मर्म येथे आहे, आणि ते पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

दुसरी गोष्ट हंगामाची. महाबळेश्वर परिसर हे देशातील स्ट्रॉबेरीचे मुख्य क्षेत्र असून २०१० साली या फळास भौगोलिक मानांकन मिळाले. परदेशांतून आणलेल्या मातृरोपांपासून पावसाळ्यात नवी रोपे तयार केली जातात. सप्टेंबर-ऑक्टोबरात गादीवाफ्यांवर आच्छादन पसरून त्यांची लागवड होते व ठिबकावर पीक वाढविले जाते. फळांचा बहर साधारणपणे डिसेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे ऐन मे महिन्यात, शाळांना सुटी लागून प्रवाशांची रीघ लागते तेव्हा, शिवारात दाखविण्याजोगे फळ उरत नाही. पुस्तकांना बहराची मर्यादा नाही. जे आकर्षण पिकाच्या हंगामास पूरक ठरते, ते शेतकऱ्यास अधिक उपयोगी पडते. जे पिकाच्या कामावर येऊन आदळते, ते त्रासदायक होते. स्ट्रॉबेरीची तोडणी पहाटे करून माल सकाळीच रवाना करावा लागतो. त्याच वेळी घरातील माणसे पाहुण्यांच्या न्याहारीत गुंतली तर फळ वेलीवर पिकून जाते आणि न्याहारीच्या पैशांत ते नुकसान भरून निघत नाही.

वेल्सचे मूळ गाव

भिलारची कल्पना ज्या गावावरून घेण्यात आली ते हे-ऑन-वाय हे गाव ब्रिटनमध्ये, वेल्स व इंग्लंड यांच्या सीमेवर, वाय नदीच्या काठी आहे. लोकसंख्या दोन हजारांच्या आतबाहेर. आसपास मेंढपाळी व शेती आणि मध्ये आठवड्याचा बाजार भरणारे हे लहानसे गाव. आपल्याकडील एखाद्या बाजारपेठेच्या खेड्यासारखे. १९६२ च्या अखेरीस तेथील प्रवासी आगगाडी बंद झाली. त्याच सुमारास रिचर्ड बूथ नावाच्या तरुणाने तेथे जुन्या पुस्तकांचे दुकान काढले. एकामागून एक रिकाम्या पडलेल्या इमारती पुस्तकांनी भरत गेल्या, दुसरे विक्रेतेही आले, आणि काही वर्षांत तेथे तीसच्या घरात पुस्तकांची दुकाने झाली. १ एप्रिल १९७७ रोजी बूथ याने आपले गाव स्वतंत्र राज्य असल्याचे जाहीर करून स्वतःस राजा म्हणवून घेतले. हा विनोद होता, हे तारखेवरूनच कळावे. पण वर्तमानपत्रांनी त्यास प्रसिद्धी दिली व गावाचे नाव दूरवर पोहोचले. १९८८ पासून तेथे दरवर्षी साहित्य महोत्सव भरतो. बूथ २०१९ साली निवर्तला.

या हकीकतीतून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, की तेथे पुस्तक हा विक्रीचा माल आहे. गावाचे उत्पन्न पुस्तकातून येते, आणि त्याच्या अनुषंगाने खाणावळी व निवासगृहे चालतात. भिलारात पुस्तक विकले जात नाही. ते पाहुण्यास बसविते आणि उत्पन्न फळे, जेवण व मुक्काम यांतून यावयाचे असते. दोन्ही पद्धती चालू शकतात. मात्र ज्या घरी पुस्तकांचे कपाट आहे पण खोली नाही, फळ नाही, जेवणाची व्यवस्था नाही, त्या घरास केवळ झाडलोटीचे काम वाढते. अशा घराच्या श्रमाचा मोबदला कोणत्या वाटेने द्यावयाचा, हे आरंभीच ठरविले नाही तर दोन-तीन वर्षांत उत्साह ओसरतो.

दुसरी गोष्ट काळाची. बूथच्या पहिल्या दुकानापासून महोत्सवापर्यंत सुमारे पाव शतक लोटले. स्कॉटलंडमधील विगटाउन या छोट्या गावाचेही उदाहरण असेच आहे. तेथील दूध प्रक्रियेचा कारखाना व मद्यनिर्मितीचा कारखाना बंद पडून रोजगार गेला. त्यानंतर १९९० च्या दशकाच्या अखेरीस अनेक गावांमधून त्याची 'पुस्तकांचे गाव' म्हणून निवड झाली व १९९९ पासून तेथे वार्षिक महोत्सव सुरू झाला. शासनाचा आधार मिळाला हे खरे, परंतु दुकाने चालविली ती स्थानिक व बाहेरून येऊन तेथे वस्ती केलेल्या माणसांनी. उद्घाटनाचा फलक एका दिवसात लागतो. गावाचा लौकिक मात्र एखाद्या आमराईप्रमाणे वर्षानुवर्षे जोपासावा लागतो.

आपल्या गावी काय आहे?

ग्रामसभेत हा प्रश्न विचारला की पहिले उत्तर बहुधा 'काही नाही' असे येते. दुसरे उत्तर 'जुने देऊळ आहे' असे असते. देऊळ असणे चांगलेच. पण दर पाच-दहा मैलांवर तसे देऊळ असेल तर शहरातील माणूस याच देवळासाठी का येईल, याचा विचार करावा. पाहुण्यास जे पाहावयाचे असते ते पुष्कळदा गावकऱ्यांच्या इतक्या अंगवळणी पडलेले असते की त्यांस ते दिसतच नाही.

सोलापूर, अहिल्यानगर व मराठवाड्यातील जिल्ह्यांत हिवाळ्यात होणाऱ्या हुरड्याचे उदाहरण घेण्यासारखे आहे. ज्वारीचे दाणे दुधाळ अवस्था ओलांडून किंचित घट्ट होऊ लागले की कणसे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजून चोळावयाची व गरम दाणे चटणी, गूळ, दही यांबरोबर खावयाचे, ही तेथील पिढ्यान्पिढ्यांची रीत. तीच आता शहरातील कुटुंबांस शेतावर आणणारी गोष्ट ठरली आहे. यात शेतकऱ्याने समजून घ्यावयाची मुख्य बाब अशी की, एका पेरणीच्या शेतात हुरड्याची योग्य अवस्था आठ-दहा दिवसच टिकते. त्यानंतर दाणा कडक होतो. पेरणी एकाच दिवशी केली असल्यास दुसऱ्या रविवारी आलेल्या पाहुण्यास विन्मुख पाठवावे लागते. ज्यांच्याकडे पाण्याची सोय आहे त्यांनी हुरड्यापुरते क्षेत्र लहान तुकड्यांत विभागून आठ ते दहा दिवसांच्या अंतराने पेरावे, म्हणजे हंगाम एका आठवड्याऐवजी महिना-दीड महिना चालतो. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हुरड्यासाठी 'फुले उत्तरा' व 'फुले मधुर' हे वाण प्रसारित केले आहेत. गूळभेंडीसारखे जुने स्थानिक वाणही गोडीसाठी प्रसिद्ध आहेत. सर्वच ज्वारी हुरड्यास लावू नये. घरचे धान्य व जनावरांचा कडबा यांचे क्षेत्र निराळे राखावे. एक वर्ष गिऱ्हाईक कमी आले तरी ती ज्वारी पुढे पिकून घरात येते, हा या उद्योगाचा मोठाच गुण आहे. भांडवल बुडत नाही.

अकोले तालुक्यातील भंडारदरा, कळसूबाईचा परिसर व पुरुषवाडीसारखी गावे काजव्यांसाठी प्रसिद्धीस आली आहेत. मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर लाखो काजवे लुकलुकतात. हे दृश्य पाहण्यास दुरून माणसे येतात आणि ज्या काळात आदिवासी शेतकऱ्याच्या हाती पैसा नसतो, बियाणे मात्र घ्यावयाचे असते, त्या काळात त्यास चार पैसे मिळतात. पण येथेच मोठा धोका आहे. काजव्याचा प्रकाश हा नर-मादीच्या भेटीचा संकेत असतो. मोटारींचे दिवे व विजेऱ्या यांच्या झोतात तो संकेत लोपतो व मीलन होत नाही. माद्या पुष्कळदा गवतावर वा जमिनीलगत असतात आणि गर्दीच्या पायांखाली चिरडल्या जातात. अंडी व अळ्या पालापाचोळ्यात व ओलसर मातीत वाढतात. अळ्या गोगलगाईंवर जगतात, म्हणजे शेतीच्या दृष्टीनेही त्या उपकारक आहेत. अशा ठिकाणी मोटारी गावाबाहेरच थांबवाव्यात व पाहुण्यांना लहान गटांनी गावच्या वाटाड्याबरोबर पायी न्यावे. विजेरीस लाल कागद लावावा, ती जमिनीकडेच धरावी, आणि झाडाखाली कोणी जाऊ नये, असा दंडक ग्रामसभेने घालावा. दंडक पाळणारे थोडे पाहुणे गावास पुढील वीस वर्षे पुरतील. एकाच शनिवारी शेकडो मोटारी आल्या तर मात्र काजवेही जातील आणि पाहुणेही.

सातारा जिल्ह्यातील कास पठारावर मर्यादेचे हे तत्त्व प्रत्यक्षात आणले गेले आहे. २०१२ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळालेल्या पश्चिम घाटातील ३९ स्थळांत कासचा समावेश आहे. फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजार माणसांपुरता प्रवेश, त्यासाठी शुल्क, आणि व्यवस्थेत कास, कासाणी, एकीव, आटाळी या भोवतालच्या गावांच्या समित्यांचा सहभाग, अशी घडी तेथे बसविण्यात आली. शुल्क आकारल्यास माणसे येणार नाहीत, ही भीती तेथे तरी खरी ठरली नाही.

पाण्याचा हिशेब

गाव पर्यटनस्थळ करण्याच्या चर्चेत पाण्याचा विषय सर्वांत शेवटी निघतो. वास्तविक तो सर्वांत आधी निघावयास हवा. महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि कृष्णेचा उगमही तेथेच आहे. तरी त्याच डोंगरांतील वाड्यावस्त्यांना उन्हाळ्यात पाण्याची टंचाई भासते. कारण पाऊस चार महिन्यांत कोसळतो, उतारावरून वाहून जातो आणि माथ्यावरील जांभ्याच्या थरातून झिरपलेले पाणी झऱ्यांवाटे लौकरच निघून जाते. प्रवाशांची गर्दी नेमकी एप्रिल-मेमध्ये, विहिरी तळ गाठतात तेव्हा, होते.

समजा, एका गावाची वस्ती दोन हजार आहे. ग्रामीण पाणीपुरवठ्यासाठी दरडोई दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले जाते. म्हणजे गावाची रोजची गरज १,१०,००० लिटर झाली. आता सुटीच्या दिवसांत गावात ३०० पाहुणे मुक्कामास आले. शहरातील माणसास घरी दररोज १३५ लिटर पाणी मिळावे, असे प्रमाण आहे व गावी आल्याने त्याची सवय बदलत नाही. या ३०० पाहुण्यांना ४०,५०० लिटर पाणी लागेल. वस्तीत केवळ पंधरा टक्क्यांची भर पडली, पण पाण्याची मागणी सुमारे सदतीस टक्क्यांनी वाढली. हे पाणी गावच्या नळयोजनेतून गेले तर ज्या घरी एकही पाहुणा नाही त्या घरच्या बाईला त्याची किंमत हंडा घेऊन लांब चालत जाऊन मोजावी लागेल. लाभ दहा घरांना आणि तोशीस शंभर घरांना अशी स्थिती आली, की गावातील वाद पंचायतीच्या निवडणुकीपर्यंत जातो व उभा राहिलेला उद्योग मोडतो.

यावर उपाय आहे. पाहुण्यांसाठी खोल्या बांधणाऱ्याने आपल्या छपरावरील पावसाचे पाणी साठवावे, अशी अट पंचायतीने घालावी. शंभर चौरस मीटरांच्या छपरावर एक हजार मिलिमीटर पाऊस पडल्यास एक लाख लिटर पाणी पडते. वीस टक्के तूट धरली तरी ८०,००० लिटर हाती येते. डोंगरी भागात पाऊस याच्या कितीतरी पट आहे. तेथे उणीव पावसाची नसते, टाकीची असते. २०,००० लिटरांची झाकलेली टाकी पावसाळ्याच्या अखेरीस भरून ठेवली तर उन्हाळ्यात सुमारे १४८ माणसांच्या एकेका दिवसाची सोय होते. पहिला पाऊस टाकीत घेऊ नये. छपरावरील धूळ, पाने व पक्ष्यांची विष्ठा त्याबरोबर येते. न्हाणीत बादली व तांब्या ठेवला तर पाणी बरेच वाचते. शहरी पाहुण्यास त्यात कमीपणा वाटत नाही. उलट कारण सांगितले तर तो स्वतःच काळजी घेतो, असा अनेक ठिकाणचा अनुभव आहे.

पाणी आले की सांडपाणीही आले. दोन खड्ड्यांचे शौचालय पाच-सहा माणसांच्या कुटुंबासाठी योजिलेले असते. एक खड्डा भरल्यावर तो बंद करून दुसरा वापरावयाचा आणि पहिल्यातील मैला कुजून निर्धोक होण्यास निदान एक-दीड वर्ष द्यावयाचे, हे त्याचे गमक. त्याच शौचालयाचा वापर दर आठवड्यास वीस पाहुणे करू लागले तर दुसरा खड्डा पहिल्यातील मैला कुजण्याआधीच भरतो आणि मग तो उपसण्याचा घातक प्रसंग येतो. पाहुण्यांचे शौचालय निराळे असावे, त्याचा आकार माणसांच्या संख्येवरून ठरवावा, आणि ते विहिरीपासून निदान १५ मीटर दूर व उताराच्या खालच्या बाजूस असावे. भेगाळ खडकात दूषित पाणी यापेक्षाही दूर जाते, म्हणून तेथे अंतर आणखी वाढवावे. न्हाणीच्या पाण्यासाठी शोषखड्डा किंवा केळी-अळूची बाग करावी. घरगुती मापाचा एकच शोषखड्डा पाहुण्यांच्या घरास पुरत नाही.

पैसा कोठे जातो?

पाहुण्याने गावात पाचशे रुपये खर्च केले म्हणजे गावास पाचशे रुपये मिळाले, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. तेल, साखर, चहा, तांदूळ, भाजी व बाटलीबंद पाणी हे सर्व तालुक्याच्या बाजारातून आणले तर त्यातील मोठा वाटा त्याच दिवशी गावाबाहेर जातो. मागे राहते ती मजुरी व थोडा नफा. हा पैसा गावात टिकवावयाचा तर ताटातील जिन्नस शिवारातून यावयास हवेत. नाचणीची भाकरी, वरी, कुळथाचे पिठले, रानभाज्या, घरच्या म्हशीचे दही, हातसडीचा तांदूळ यांचे पाहुण्यांस खरे अप्रूप असते. शहरी खाणावळीतील पदार्थांची नक्कल गावात बेताचीच साधते, आणि त्यासाठी कोणी दूरवरून येत नाही. खोल्या दहा कुटुंबांच्या असल्या तरी भाजी, दूध व पीठ इतर तीस कुटुंबांकडून घेण्याचा संकेत ठरवावा. महिला बचत गटांनी लोणचे, पापड, जाम व भाजके पदार्थ तयार करावेत. विक्रीसाठी अन्न बनविणाऱ्यांनी अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये नोंदणी करून घ्यावी. ही कटकट नव्हे, पाहुण्यास बाधा झाली असता हीच नोंदणी विश्वासाचा आधार ठरते.

दरपत्रक दर्शनी भागी लावावे. एकाच गावात एका घरी जेवणाचा दर एक व शेजारी दुसरा, अशी ओढाताण झाली की दोघेही दर पाडतात, ताटातील पदार्थ कमी होतात आणि अखेर गावाचे नाव जाते. पाहुणे घरोघर पाळीने वाटून देण्याची पद्धत लहान गावांत चांगली चालते. तिच्यामुळे बोलक्या व चतुर माणसाच्या दारीच सर्व गर्दी होत नाही. मात्र, अस्वच्छ ठेवलेल्या घराची पाळी वगळण्याचा अधिकार समितीस असावा आणि तो तिने भीडभाड न ठेवता वापरावा. हेच काम सर्वांत अवघड आहे.

राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण स्वीकारले. त्यानुसार किमान एक एकर शेती असणाऱ्या शेतकऱ्यास पर्यटन संचालनालयाकडे आपल्या केंद्राची नोंदणी करता येते. नोंदणीचा हेतू पाहुण्याने शेतीचा अनुभव घ्यावा, हा आहे. शेत नावापुरते ठेवून सर्व जागेवर खोल्या व पोहण्याचा हौद बांधणे त्यात बसत नाही. परदेशी पाहुणा मुक्कामास आल्यास चोवीस तासांच्या आत त्याची माहिती संबंधित अधिकाऱ्यास विहित नमुन्यात द्यावी लागते. हे अनेकांना ठाऊक नसते आणि मागाहून अडचण होते. महाबळेश्वर-पाचगणी परिसर जानेवारी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम क्षेत्र म्हणून अधिसूचित आहे. तेथे वृक्षतोड, उत्खनन व बांधकाम यांवर निर्बंध आहेत. अशा क्षेत्रातील शेतकऱ्याने एक खोली वाढविण्यापूर्वीही परवानगीची चौकशी करावी. बांधून झाल्यावर ती पाडावी लागणे हे कर्ज काढून घेतलेले दुःख होय.

जमिनीचा मोह

गावाचे नाव झाले की पहिला बदल जमिनीच्या भावात दिसतो. ज्या वरकस माळास कोणी विचारीत नव्हते त्यास एकाएकी मागणी येते. महाराष्ट्रात शेतजमीन सामान्यतः शेतकऱ्यासच विकत घेता येते, हे खरे. पण दूरच्या जिल्ह्यातील सधन खातेदारही कायद्याने शेतकरीच असतो. मुलीचे लग्न, आजारपण किंवा जुने कर्ज यांपायी दोन एकर विकले जातात. पैसे काही वर्षांत संपतात. त्या जागी मोठे विश्रामगृह उभे राहते आणि मूळ मालकाचा मुलगा तेथे पहारेकरी म्हणून लागतो. मुक्कामाचे उत्पन्न तर बाहेर जातेच, पण त्या विश्रामगृहाची कूपनलिका खाली घेतली गेल्याने शेजारच्या विहिरीही आटतात. ज्या गोष्टीमुळे गाव प्रसिद्ध झाले तिचा लाभ गावास न मिळता गावाची शेतीच उठावी, हा या साऱ्या प्रयत्नांचा सर्वांत विपरीत परिणाम होय.

कोणासही जमीन विकू नको असे सांगण्याचा अधिकार कार्यकर्त्यास नाही. तथापि, भाडेपट्ट्याचा पर्याय त्यास समजावून देता येतो. जमीन विकण्याऐवजी ठरावीक मुदतीने भाड्याने दिली, करार नोंदविला, पाणी उपशाची मर्यादा त्यात लिहिली आणि मुदतीनंतर बांधकामाचे काय व्हावयाचे हे स्पष्ट केले, तर जमीन कुटुंबात राहते. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून सहकारी तत्त्वावर खोल्या बांधणे हाही मार्ग आहे. त्यास वेळ लागतो व भांडणेही होतात. पण भांडणाऱ्यांच्या नावावर सातबारा राहतो.

पहिल्या हंगामाची वही

आरंभ लहान प्रमाणात करावा. पहिल्या वर्षी नव्या इमारती बांधू नयेत. आहे त्या घरांतील चार-पाच स्वच्छ खोल्या, दोन चांगली शौचालये, वाहनांसाठी गावाबाहेर एक सपाट जागा व वाट दाखविणारे दोन तरुण एवढ्यावर काम चालते. वाटाड्या तरुणांस झाडांची व पिकांची नावे, विहिरीची खोली, देवळाची हकीकत व शेतात कोणत्या महिन्यात काय चालते, एवढे नीट सांगता आले तरी पुरे. पाहुण्याने विचारलेल्या प्रश्नास ठोकून दिलेले उत्तर तो ओळखतो.

या काळात कार्यकर्त्याने पंचायतीच्या कचेरीत एक वही ठेववावी. किती माणसे आली, किती तास थांबली, किती जणांनी मुक्काम केला, कोणत्या घरी किती पैसे आले, बाजारातून काय आणावे लागले, टाकीत दर सोमवारी किती पाणी उरले आणि किती पोती कचरा गावाबाहेर न्यावा लागला, याची त्यात नोंद व्हावी. कचऱ्याच्या पोत्यांचा आकडा पाहून ग्रामसभा बहुधा प्रथम चकित होते. ज्या घरी पाहुणे येत नाहीत त्या घरांतील बायकांनाही वर्षअखेर बोलावून पाणी, रहदारी व गोंगाट यांविषयी त्यांचे म्हणणे याच वहीत लिहून घ्यावे. पुढील वर्षी खोल्या वाढवावयाच्या की आहेत तेवढ्याच ठेवावयाच्या, याचा निर्णय ग्रामसभेने ती वही वाचून घ्यावा. आणि ही सभा एप्रिलपूर्वी, विहिरीत पाणी असतानाच नव्हे, तर मे महिन्यात पाणी सर्वांत कमी असताना बोलवावी.